तुषार-तोटीची यंत्ररचना
(वार्षिक मेळाव्यातील उद्योग-परिसंवादात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने या विषयासाठी आमची योजना केली ती आम्ही कोणी मोठे पंडित आहोत म्हणून नव्हे, तर आमची हयात भट्टी आणि लेथ यांच्यामध्ये गेली म्हणून, हे आम्ही जाणून आहोत. तेव्हा जे हाताने केले आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच आज सांगावे, असा आमचा मनोदय आहे.

आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय तांब्यापितळेचा. घागरी, हंडे आणि बंब आपण घडविले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविले. पुढे स्टेनलेस स्टील आले, त्यामागून प्लॅस्टिक आले, आणि मांडणीवरची आपली जागा गेली. ज्यांच्या ओतशाळा अजून चालू आहेत अशा काही बंधूंनी आम्हांस प्रश्न केला आहे की, शेतीच्या तुषारसिंचनास ज्या पितळी तोट्या लागतात त्या ओतण्याकडे भट्टी वळवावी काय? दुसरीकडे, ज्यांच्याकडे शेती आहे ते विचारतात की, बाजारात एकाच रूपाच्या तोट्या दुप्पट-तिप्पट अंतराच्या किमतींना मिळतात, त्यांतली घ्यावी कोणती? (शेतकरी या संपूर्ण नगालाच 'नोझल' म्हणतात, आम्ही मात्र आज नोझल हा शब्द तिच्या तोंडाच्या छिद्रापुरताच वापरणार आहोत.) दोन्ही प्रश्नांचे उत्तर तोटी उघडून पाहिल्यावाचून मिळावयाचे नाही.

ही तोटी मूळची अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताची. ग्लेंडोरा गावी ऑर्टन एंगलहार्ट नावाचा एक गृहस्थ संत्र्या-लिंबांची बाग राखून होता. त्याने १९३३ साली ही रचना सिद्ध केली आणि १९३५ साली तिचे पेटंट त्यास मिळाले. पुढे क्लेमंट लाफेट्रा व त्याची पत्नी मेरी यांनी ती आपल्याकडे घेऊन रेन बर्ड या नावाने तिचा कारखाना काढला. तिच्यापूर्वी फिरत्या तोट्या नव्हत्या असे नाही. परंतु त्यांतल्या बहुतेक पाण्याच्या उलट धक्क्याने गरगरा फिरत, आणि गरगर फिरणाऱ्या तोटीची धार घोड्याच्या शेपटीसारखी वाकून जवळच पडे. दूर फेकावयाचे तर तोटीने सावकाश फिरले पाहिजे, मिनिटास फार तर एक-दोन फेरे. जोराच्या पाण्याकडून सावकाश काम कसे करून घ्यावे, हा खरा प्रश्न होता. एंगलहार्टने तो हातोडीने सोडविला!

हातोडी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. तोटीच्या डोक्यावर एक आडवा दांडा उभ्या खिळीवर झुलता बसविलेला असतो, आणि त्यास एक गुंडाळीची स्प्रिंग जोडलेली असते. दांड्याच्या पुढच्या टोकास वाकडे पाते असते, ते धारेच्या वाटेत येते. धार पात्यावर आदळून एका बाजूस वळते. तिच्या उलट धक्क्याने दांडा दुसऱ्या बाजूस फेकला जातो आणि स्प्रिंग आवळली जाते. धक्क्याचा जोर सरला की स्प्रिंग दांड्यास परत खेचते, आणि परतताना तो तोटीच्या अंगावरील ठोकळ्यास ठोका देतो. त्या ठोक्यासरशी सारी तोटी काही अंश फिरते. तोच पाते पुन्हा धारेत शिरलेले असते. पात्याची पुढची कड पाचरीसारखी केलेली असते, ती धारेला लागताच दांडा आणखी आत ओढला जातो आणि ठोक्याला वजन येते. ही कड कानशीने गोल केली की तोटी मंदावते, हे आपल्या ओतशाळांतील घासकाम करणाऱ्या मुलांस आवर्जून सांगावयास हवे. आम्ही असे नग पाहिले आहेत. ते दिसावयास सुबक होते आणि फिरत नव्हते.

येथे एक मर्म आहे. स्प्रिंग जेव्हा आवळली जाते तेव्हा ती तोटीस उलट दिशेने ढकलीत असते. मग तोटी मागे का फिरत नाही? तर तिच्या बुडाच्या घर्षणामुळे. स्प्रिंगचे ढकलणे संथ असते, त्यास घर्षण पुरे पडते. ठोका एकाएकी येतो, त्यास पुरे पडत नाही. गच्च बसलेले झाकण हाताने पिळून सुटत नाही, परंतु मोगरीच्या एका टोल्याने सुटते, हे आपल्यास कोणी शिकवावयास नको. म्हणून बुडाचे घर्षण फार असले तर तोटी एकाच जागी पाणी ओतीत राहते, आणि फार कमी असले तर पुढे-मागे डुलत राहते. ते नेमके राखणे हेच या यंत्रातील सर्वांत नाजूक काम होय.

हे घर्षण राखतात त्या बुडाच्या दोन-तीन चकत्या. पाण्याचा दाब तोटीस वर उचलतो आणि चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्यांभोवतीची लहान स्प्रिंग पाणी नसतानाही त्या मिटलेल्या ठेवते, जेणेकरून पंप सुरू होताना येणारी पहिली रेती आत शिरू नये. या सांध्याचे वंगण म्हणजे पाणीच. तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह आपल्या लोकांस फार होतो. तेलास रेती चिकटते, रबर फुगते, आणि चार दिवसांत तोटी अडकते. चकतीची किंमत तोटीच्या मानाने क्षुल्लक असते, आणि म्हणूनच स्वस्त माल करणारा पहिली काटकसर तेथेच करतो.

आता नोझल. येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. ४ मिलिमीटर व्यासाच्या नोझलमागे २५ मीटर उंचीच्या पाण्याचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलोचा दाब असला, तर धार सेकंदास सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाने सुटते आणि तासाला सुमारे ९५० लिटर पाणी पडते. तोट्या १२ मीटर बाय १२ मीटर अंतरावर मांडल्या तर हा पाऊस तासाला साडेसहा मिलिमीटरच्या वर भरतो. छिद्र ४ चे ४.४ झाले, म्हणजे नखाच्या कडेइतकाही फरक दिसत नाही, तरी पाणी शेकडा २१ ने वाढते. विहिरीचे पाणी रेताड असेल तर ही झीज होतेच. ती पाहण्यास महाग उपकरण नको. योग्य मापाच्या नव्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा छिद्रात घालून पाहावा. तो खुळखुळू लागला की नोझल बदलावे.

छिद्राचा व्यास बरोबर असला म्हणजे झाले, असेही नाही. आतली वाट हळूहळू निमुळती होत जाऊन शेवटी थोडी सरळ असावी लागते, आणि तिच्यावर हत्याराचा एकही ओरखडा नसावा. तसे नसले की धार सुटल्याबरोबर विस्कटते. धारेचा कोनही महत्त्वाचा. शाळेतले गणित ४५ अंशांस सर्वांत दूर फेक सांगते. परंतु हवेचा विरोध धरला तर तो कोन तिसाच्या आसपास येतो, आणि वाऱ्याच्या भयाने कारखानदार २३ ते २७ अंशच ठेवतात. झाडांखाली चालवावयाच्या तोट्यांचा कोन याहूनही बराच कमी असतो.

दाबाविषयी एकच नियम ध्यानात ठेवावा. दाब चौपट केला तर पाणी दुप्पट होते. म्हणून ओळीच्या दोन टोकांच्या दाबांत शेकडा २० चा फरक असला तर पाण्यात शेकडा १० च्या आसपास फरक पडतो, आणि तेवढा चालवून घेता येतो. त्याहून अधिक नाही. दाब अपुरा असला की धार फुटत नाही. जाड थेंबांचे एक कडे दूरवर पडते आणि मधली जागा कोरडी राहते. दाब फाजील झाला तर पाण्याचे धुके होते आणि वारा ते शेजाऱ्याच्या शेतात नेतो. आपल्याकडे रात्रीच्या विजेचा दाब उतरला की पंप मंदावतो, आणि शेतकरी सकाळी तोटीस दोष देतो.

जाड थेंब आणखी एक अपाय करतात. त्यांच्या माऱ्याने काळ्या जमिनीचा पापुद्रा बसतो. चिकण मातीत पाणी मुरण्याचा कायम वेग तासाला १ ते ५ मिलिमीटर असतो. आताच सांगितलेला साडेसहाचा पाऊस अशा जमिनीवर वाहून जाऊ लागेल. त्याच मांडणीत ३ मिलिमीटरचे नोझल घातले तर तो पावणेचारच्या आत येतो. तेव्हा दुकानात मोठे छिद्र मागून घेण्यापूर्वी आपल्या जमिनीस विचारावे.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. एका ज्ञातिबांधवाने उन्हाळी भुईमुगासाठी तोट्या घेतल्या, त्या कोणाच्या ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्या हंगामात शेतात हिरवी वर्तुळे आणि त्यांमध्ये पिवळे पट्टे उमटले. त्यांच्या घरी शेतीचा सारा हिशेब वहिनी पाहतात. त्यांनी एकाच मापाचे रिकामे डबे तोट्यांच्या मध्ये ओळीने मांडले आणि तासाभराने पट्टीने पाणी मोजले. सहा डब्यांत १६, ४, १०, ६, १५ आणि ९ मिलिमीटर पाणी निघाले. सरासरी पाहाल तर १०, म्हणजे उत्तम! परंतु प्रत्येक डब्याचा सरासरीपासूनचा फरक काढून बेरीज केली तर २२ येते. ६० पैकी २२, म्हणजे शेकडा ३७ ची तफावत आणि ६३ ची समानता. ही रीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ख्रिस्टियनसेन यांनी १९४२ साली घालून दिली. चांगल्या संचात ही समानता ८५ च्या आसपास वा वर असावी लागते. आम्ही त्या तोट्या उघडल्या. ४ मिलिमीटरचा छाप असलेल्या नोझलांत दोन सारखी नव्हती, हातोडीच्या स्प्रिंगा मेल्या होत्या, आणि एका तोटीच्या अंगात ओतकामाचे फुगे होते. त्या घराचा त्या वर्षाचा भुईमूग निम्म्यावर आला. मुलीचे लग्न पुढे ढकलावे लागले, हे त्यांनी आपण होऊन सांगितले नाही. आम्हांस ते नंतर कळले.

आता ओतशाळावाल्या बंधूंच्या प्रश्नाकडे वळतो. ओतण्याचे काम आपल्यास येते, यात शंका नाही. परंतु या वस्तूत ओतकाम हा सोपा भाग आहे. मोडीचे मिळेल ते पितळ वितळवून ओतले तर काही पाण्यांत त्यातले जस्त निघून जाते आणि तांबूस, ठिसूळ, सच्छिद्र अंग मागे राहते. तेव्हा धातूचे मिश्रण मोजून करावे लागेल. गाभा सरकला तर भिंत एका अंगास पातळ होईल आणि आटे तेथेच चिरतील. याउपर छिद्राचे माप, स्प्रिंगचा ताण आणि चकत्यांचा मिलाफ या तीन गोष्टी प्रत्येक नगागणिक तपासाव्या लागतील, नमुन्यादाखल दहांतील एक तपासून भागणार नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या तोट्या आता सर्वत्र झाल्या आहेत; त्या हलक्या व स्वस्त आहेत, आणि पितळी तोट्यांप्रमाणे रात्रीतून शेतातून नाहीशा होऊन भंगारवाल्याकडे निघत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण मानावा लागेल. ज्यास केवळ बाहेरचे रूप उतरवून किमतीत स्पर्धा करावयाची आहे, त्याने या वाटेस जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. साचा करणारा त्यात हरेल आणि त्याच्याकडून घेणारा शेतकरी त्याच्या आधी हरेल.

मात्र आपल्या तरुणांपैकी जे लेथवर सफाईचे काम करतात आणि जे यंत्रशास्त्र शिकून आले आहेत, त्यांनी एकत्र बसावे. आरंभी तोटी न करता नोझले, चकत्या आणि स्प्रिंगा हे बदली भाग करावेत. जुन्या पितळी तोट्या खेड्याखेड्यांतून अजून धूळ खात पडलेल्या आहेत. त्यांचे अंग शाबूत असते, बिघडलेले असतात ते हेच तीन भाग. ते अचूक करून मिळाले तर शेतकऱ्याचा नवा संच घेण्याचा खर्च वाचेल, आणि आपल्यास माप राखण्याची सवय लागेल. मग तोटीचा विचार करू. किती भांडवल लागेल याचा अंदाज आम्ही चिटणीसांकडे लिहून दिला आहे.

ठोक्यावरून पारख होते, हेही सांगून ठेवतो. मठारताना भांडे कसे बोलते ते आपल्या कानांस ठाऊक आहे. तसाच निरोगी तोटीचा ठोका एकसारखा पडतो. तो अडखळू लागला तर चकतीत रेती आहे. तो जलद आणि हलका झाला तर स्प्रिंग किंवा दाब पाहावा. रात्री अंथरुणावरून शेतातल्या सगळ्या तोट्या ऐकू येत असतील, तर त्यांतली कोणती थांबली हे उठण्याआधीच कळते.

या मेजावर तीन तोट्या उघडून ठेवल्या आहेत: एक जुनी पितळी, एक प्लॅस्टिकची, आणि एक त्या भुईमुगाच्या शेतातली. चकत्या कोणत्या क्रमाने बसतात ते लेथवाल्या मुलांनी उतरवून घ्यावे. पटांगणात नळीस एक तोटी जोडलेली आहे आणि भगिनींनी डबे आणून ठेवले आहेत. दुपारी वारा चढतो, तेव्हा डब्यांची मांडणी आपण भोजनापूर्वीच करू.