यंत्राची तालीम आणि गुरूचे नाव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संगणकाला गाणे-वाजविणे शिकविता येते काय, येत असल्यास ते कसे, आणि त्या शिक्षणाची गुरुदक्षिणा कोणी कोणास द्यावयाची, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. जन्मभर खडू आणि फळा यांच्याशी संबंध आलेल्या माझ्यासारख्या मॅट्रिक शिकलेल्या निवृत्त शिक्षकाने अशा विषयास हात घालावा, हे काही जणांस धाडसाचे वाटेल. परंतु 'शिकणे' आणि 'शिकविणे' या दोन क्रियापदांशी माझा आयुष्यभराचा परिचय आहे, आणि या यंत्राच्या बाबतीत मूळ प्रश्न तोच आहे. शिवाय आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत, आणि कितीतरी घरांत भजनाची व गाण्याची परंपरा चालत आली आहे. या दोहोंची गाठ जेथे पडते, तेथे काय घडते हे दोन्ही पिढ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभी थोडा इतिहास सांगतो. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' या पद्यमय कादंबरीतील २०,००० अक्षरे घेतली, आणि स्वरानंतर व्यंजन किती वेळा येते, व्यंजनानंतर स्वर किती वेळा येतो, याची हाताने मोजदाद केली. मागचे अक्षर ठाऊक असले म्हणजे पुढच्या अक्षराचा अदमास बांधता येतो, हे त्याने दाखवून दिले. हेच तत्त्व संगीतास लावून पाहा. एखाद्या पेटीवादकाचे भूप रागाचे वादन पुष्कळ वेळा ऐकले. गंधारानंतर ऋषभ किती वेळा आला, पंचम किती वेळा आला, हे टिपून ठेवले. आणि मग त्याच प्रमाणात चिठ्ठ्या टाकून एकेक स्वर उचलीत गेलो, तर भूपासारखे काहीतरी निघू लागेल. मध्यम आणि निषाद त्यात कधीही येणार नाहीत. कारण ते आपल्या टिपणातच नाहीत. यंत्राच्या संगीताचे बीज या एवढ्याशा युक्तीत आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन या दोघांनी 'इलिअ‍ॅक' नामक संगणकाकडून १९५७ साली चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करवून घेतली. संगणकाने यदृच्छेने स्वर सुचवावेत, आणि नियमांत न बसणारे स्वर गाळून टाकावेत, अशी तेथील मुख्य पद्धती होती. शेवटच्या भागात त्यांनी मार्कोव्हची युक्तीही योजिली. पुढे १९८१ पासून डेव्हिड कोप या अमेरिकन संगीतकाराने निराळी वाट धरली. नियम आपण सांगण्यापेक्षा थोर रचनाकारांच्या रचनाच संगणकापुढे ठेवाव्यात, आणि त्यांतील खाणाखुणा त्याने वेचून घ्याव्यात, असे त्याने ठरविले. १९९७ साली ओरेगॉन विद्यापीठात श्रोत्यांना तीन रचना ऐकविण्यात आल्या: एक जर्मन रचनाकार बाख याची, एक कोपच्या संगणकाची, आणि एक तेथील संगीताच्या प्राध्यापकाने बाखच्या शैलीत केलेली. श्रोत्यांनी संगणकाची रचना बाखची म्हणून ओळखली, आणि बिचाऱ्या प्राध्यापकाची रचना संगणकाची ठरविली!

परंतु कोपची सामग्री कागदावरील स्वरलिपीची होती. आपणांपैकी जे शिकलेले आहेत त्यांना स्वरलिपीची मर्यादा सांगावयास नको. पंडित भातखंडे यांनी शेकडो बंदिशी लिपिबद्ध करून आपणांवर अनंत उपकार केले; तथापि ती पोथी समोर ठेवून ज्याने कधी गाणे ऐकलेच नाही अशा माणसाने सूर लावला, तर बंदिशीचा सांगाडा उभा राहील, प्राण येणार नाही. कोठे स्वर हलका लावावयाचा, कोठे क्षणभर थांबावयाचे, समेच्या किंचित अलीकडे रेंगाळून श्रोत्याचा श्वास कसा रोखून धरावयाचा, हे सारे प्रत्यक्ष गायनवादनातच असते. म्हणून यंत्राला पोथीऐवजी मैफल ऐकवावी, असा विचार पुढे आला.

त्याचे एक चांगले उदाहरण पियानोचे आहे. अमेरिकेत भरविल्या गेलेल्या एका पियानोवादनाच्या स्पर्धेत विशेष प्रकारचे पियानो वापरले जात. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, याची सूक्ष्म नोंद ते वाद्य आपली आपण करून ठेवी. अशी सुमारे १,४०० वादने हाताशी धरून गूगल कंपनीतील 'मॅजेंटा' या संशोधकगटाने २०१७ साली एक प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाची आज्ञावली, सिद्ध केली. तिची भाषा अवघ्या ३८८ शब्दांची होती: पट्टी दाबण्याचे १२८, सोडण्याचे १२८, जोराचे ३२, आणि थांबण्याचे १००. थांबण्याचे सर्वांत लहान माप एका सेकंदाचा शंभरावा भाग होते. आपल्या बाराखडीतही यापेक्षा अधिक अक्षररूपे आहेत. पण एवढ्या शब्दांत एक अख्खी मैफल लिहून काढता येते.

आता तालीम कशी चाले ते पाहा. आम्ही शिक्षक मुलांना कवितेची ओळ सांगून पुढचा शब्द हाताने झाकून ठेवतो, आणि 'ओळख पाहू' म्हणतो. अगदी तोच प्रकार. वादनाचा काही भाग यंत्रास द्यावयाचा, पुढची खूण झाकावयाची, आणि अदमास करावयास लावावयाचे. खऱ्या वादकाने जे केले त्याहून अदमास वेगळा ठरला, की आतील हजारो-लाखो आकड्यांना रेसभर ढकलून दुरुस्ती करावयाची. असे असंख्य वेळा केले म्हणजे अदमास सुधारतो. उदाहरणे अपुरी पडू नयेत म्हणून तेच वादन थोडे चढ्या वा उतरत्या पट्टीत, थोडे जलद वा संथ करूनही यंत्रास दिले गेले. शेवटी झाकलेला शब्द उघडावयाचाच नाही. यंत्राने स्वतःचाच अदमास खरा मानून पुढे चालावयाचे. झाली नवी रचना! अदमासात फारच सावधगिरी ठेवली तर यंत्र एकच एक वळण घोटीत बसते. फार मोकळीक दिली तर भरकटते. शिस्त आणि मोकळीक यांचा हा तोल वर्गातील शिक्षकालाही रोजच साधावा लागतो.

निष्पत्ती काय झाली? चार-पाच सेकंदांचा तुकडा ऐकला तर कोणी जाणता वादकच वाजवीत आहे असे वाटावे, इतका तो जिवंत होता. पण दोन-तीन मिनिटे ऐकत राहिले की ध्यानात येई, हा मनुष्य कोठेच निघालेला नाही. आरंभ, बढत, उत्कर्ष आणि शेवट यांचे भान त्यात नव्हते, आणि ही उणीव करणाऱ्यांनीच प्रांजळपणे नमूद केली. पुढील वर्षीच्या त्यांच्या सुधारलेल्या पद्धतीत आधी येऊन गेलेली स्वराकृती स्मरून पुन्हा योजण्याची शक्ती पुष्कळ वाढली. या क्षेत्राची गती मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आता आपल्या संगीताकडे वळू. पियानोची पट्टी एक तर दाबलेली असते किंवा सोडलेली. आपला गळा असा पायऱ्यापायऱ्यांनी चालत नाही. षड्जावरून पंचमाकडे मींड घेताना गवई मधल्या सर्व प्रदेशातून जातो, आणि गाणे पुष्कळदा त्या प्रवासातच असते. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. कोणता स्वर किती वेळा आला याची मोजणी करून यंत्र कदाचित दोघांतील भेद ओळखील. परंतु दरबारीचा गंधार ज्या संथपणे आंदोलित होतो तो पट्टीच्या भाषेत लिहिताच येत नाही. यास्तव आपल्या गायनासाठी वेगळी पद्धती घ्यावी लागते. प्रथम त्या गायकाचा षड्ज शोधावयाचा, कारण प्रत्येकाची पट्टी निराळी; आणि मग क्षणाक्षणाला आवाज षड्जापासून किती उंचीवर आहे याची एक अखंड रेषा काढावयाची. अशा अभ्यासासाठी बार्सिलोना येथील विद्यापीठाच्या पुढाकाराने २०११ साली एक मोठा प्रकल्प सुरू झाला. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासात आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांचाही त्यात वाटा होता. पुढे २०२४ साली 'गमधनी' या सुरेख नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती आधी स्वरांची वळणावळणाची रेषा रचते, आणि मग त्या रेषेवर आवाज चढविते. गायकाने अर्धी ठेवलेली आलापी पुढे नेण्याचा प्रयत्नही ती करते.

येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. यंत्र संगीत शिकत नाही. ते ध्वनिमुद्रण शिकते. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रित झाले. त्या काळच्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावे. त्यामुळे तासभर रंगणारा राग त्यांना चिमटीत पकडावा लागे. उद्या कोणी यंत्रास केवळ त्या तबकड्याच ऐकविल्या, तर राग तीन मिनिटांत संपतो हेच ते सत्य मानील. जे आपण नोंदविले नाही, ते त्याच्या दृष्टीने जगात झालेच नाही.

त्या तबकड्यांची आणखी एक खूण प्रसिद्ध आहे. गाणे संपताच गौहर जान आपले नाव स्वतः मोठ्याने उच्चारीत. तबकड्या तयार होत दूर जर्मनीत. तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, असा त्यात व्यावहारिक हेतू होता. पण मला त्यात फार मोठा अर्थ दिसतो. नाव गाण्याला चिकटलेले होते. गाणे जेथे जाई तेथे नाव जाई. आपल्याकडे आजही उस्तादाचे नाव घेताना शिष्य कानाच्या पाळीला हात लावतो. नव्या यंत्राच्या पोटात मात्र ही नावे विरघळून जातात. २०२० साली 'ज्यूकबॉक्स' नावाची जी आज्ञावली निघाली, तिला १२ लाख गाणी ऐकविण्यात आली होती. एवढ्या थोरल्या घराण्यातील हा शिष्य. पण तो वाजवू लागला म्हणजे कोणाच्या नावाने कानाला हात लावील?

यावर कोणी विचारील की माणूस तरी निराळे काय करतो? तोही ऐकूनच शिकतो. आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. पंडित भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडले. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी त्यांनी तालीम घेतली, आणि गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू झालेला महोत्सव त्यांनी जन्मभर आपल्या खांद्यावर वाहिला. ऋण घेतले आणि ते डोळ्यांदेखत फेडले. एकलव्याचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. द्रोणाचार्यांनी त्याला एक धडाही दिला नव्हता. तरी तुझा गुरू कोण, असे विचारताच त्याने निःशंकपणे नाव सांगितले. पुढे अंगठा मागितला गेला तो अन्याय होता, आणि तसा अन्याय आपण नव्या विद्येवर करू नये. अंगठा मागू नये. पण नाव विचारण्याचा हक्क मात्र सोडू नये.

हा हक्क केवळ भावनेचा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी सुधारणा झाली, तिने गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंतास आपल्या कलाविष्काराबरोबर आपले नाव सांगितले जावे हा नैतिक हक्क दिला आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राद्वारे नक्कल करण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या साहाय्याने एका गीतात आणले. पण ते कुटुंबीयांची अनुमती घेऊन. यंत्र दोन्ही प्रसंगी यंत्रच होते. फरक विचारण्याचा आणि न विचारण्याचा.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट अगदी घरगुती आहे. आपल्या कपाटांत आजी-आजोबांच्या ओव्यांच्या, भजनांच्या, कीर्तनांच्या कॅसेटी पडून आहेत. फीत खराब होण्यापूर्वी त्या संगणकावर उतरवून घ्या, आणि प्रत्येकीस गाणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहा. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावांसह. ज्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात आले नसते, त्यांचे नाव ओवीसोबत राहिले. हा आदर्श आपण डोळ्यांपुढे ठेवावा.

दुसरी गोष्ट तरुणांस. तुम्ही असा प्रोग्रॅम करावयास घेतलात तर अवश्य घ्या. विद्येला घाबरणारा समाज मागे पडतो. पण ज्यांचे गाणे त्याला ऐकवाल त्यांची संमती आधी घ्या, त्यांची नावे यादीत ठेवा, मोबदला निघाला तर त्यांचा वाटा त्यांना पोचवा. तिसरी गोष्ट आईबापांस. यंत्र गाऊ लागले म्हणून मुलांची गाण्याची शिकवणी बंद करू नका. उद्याच्या यंत्राला शिकावयाचे आहे ते उद्याच्या गळ्यापासूनच. गळेच थांबले तर यंत्र जुनेच घोटीत बसेल.

शाळेत मुलगा फळ्यावर उत्तर बरोबर लिही, तेव्हा मी त्याला विचारीत असे, 'हे तुला कोणी शिकविले?' त्यात संशय नसे. ज्याला हे सांगता येते त्याची विद्या मुळाशी जोडलेली राहते, एवढाच माझा अनुभव. नव्या यंत्राला आणि ते घडविणाऱ्यांनाही आपण हाच प्रश्न नम्रतेने, पण न चुकता विचारीत राहू या.