नोंद नसलेल्यांची वंशावळ



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना तो अर्पण केला. त्याच देशात आज आपण राहतो. ज्यांच्या मुक्तीचा फुल्यांनी असा गौरव केला, त्यांचे वंशज आज आमचे रुग्ण, शेजारी आणि सहकारी आहेत. त्यांतील अनेकजण आपल्या पूर्वजांचा शोध घेत आहेत. हा शोध कसा चालतो आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतील सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत पोहोचली. थेट उत्तर अमेरिकेत आणलेल्यांची संख्या चार लाखांच्या आतच होती. बाकीचे बहुतेक ब्राझील व कॅरिबियन बेटांवर गेले. १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी आहे. तीत मालकाचे नाव लिहिले आहे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच. नाव बहुतांशी नाहीच. मुक्त झालेल्या या माणसांची नावे प्रथम १८७० च्या शिरगणतीत आली. त्यामुळे मागे मागे जाणारा शोध १८७० पाशी भिंतीला धडकावा तसा थांबतो.

भिंतीपलीकडे जावयाचे तर मालकाचे कागद उघडावे लागतात. मृत्युपत्रे, खरेदीखते, गहाणखते यांत पूर्वजाचे नाव सापडते, पण गुराढोरांच्या यादीत आणि किमतीसह. पणजीचे नाव वाचताना पणतवंडाला तिची किंमतही वाचावी लागते.

मुक्तीनंतर १८६५ मध्ये मुक्त गुलामांसाठी सरकारी खाते आणि बचत बँक स्थापन झाली. बँक १८७४ मध्ये बुडाली व गरिबांच्या ठेवी गेल्या. परंतु खाते उघडताना आईवडील, भावंडे यांची नावे लिहून घेत असत. ती दप्तरे आज वंशजांच्या कामी येतात. न्यू ऑर्लीन्सच्या एका ख्रिस्ती नियतकालिकात ‘हरवलेले सोबती’ असे सदर होते. विकल्या गेलेल्या आईच्या वा भावाच्या शोधासाठी लोक त्यात पत्रे छापवीत आणि धर्मोपदेशक ती चर्चमध्ये वाचून दाखवीत. पूर्वजांचा शोध असा मुक्त झालेल्या पहिल्या पिढीनेच सुरू केला.

आता डीएनए चाचणी आली आहे. वैद्यकीय व्यवसायातील आम्हां मंडळींना तिच्याविषयी नेहमी विचारणा होते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईची, आईच्या आईची अशी एकच शाखा सांगतो. वाय गुणसूत्र वडिलांची एकच शाखा सांगते. दहा पिढ्यांमागे माणसाला १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. या दोन चाचण्या त्यांतील दोघांविषयीच बोलतात. अनेक कृष्णवर्णीय पुरुषांची पितृशाखा युरोपात निघते. गुलाम स्त्रियांवरील अत्याचारांची ती नोंद आहे. कोणत्याही दप्तराने ती स्वखुशीने केली नसती.

विदर्भातील आपल्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो, तसाच तो येथील आफ्रिकन वंशाच्या लोकांतही आढळतो. यावरून रक्ताचे नाते जोडण्याची घाई करू नये. जेथे हिवताप होता तेथे हे जनुक टिकले, एवढाच त्याचा अर्थ. जातिभेदाचे मूळ वंशभेदात शोधणारा सिद्धांत बाबासाहेबांनी खोडून काढला, हे आपण विसरता कामा नये. त्यांच्याशी आपले नाते आहे ते समान अनुभवाचे. याच जाणिवेने बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

जन्मावरून श्रेष्ठत्व नाही, असे तथागतांनी सांगितले. मग आपण वंशावळ कशासाठी लिहावी? कुळाचा अभिमान मिरविण्यासाठी नव्हे. ज्याला माणूस मानले नाही, त्याला त्याचे नाव परत देण्यासाठी. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली आपल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्या नावांनीच आपल्या इतिहासाला पुरावा दिला. आपलेही कागद आहेत: वतनाची दप्तरे, पलटणीच्या नोंदी, गिरणीतील व रेल्वेतील नोकरीचे दाखले, आणि गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख घातलेले शाळेचे दाखले. त्यांत आज्या-पणज्या मात्र क्वचितच सापडतात. त्यांची नावे वृद्धांच्या स्मरणात आहेत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून आमची विनंती आहे की, या वर्षी प्रत्येक कुटुंबाने गावी फोन करून चार पिढ्यांची नावे, माहेरच्या नावांसह, गाव, व्यवसाय आणि दीक्षेचे वर्ष लिहून ठेवावे. पुराव्याची गोष्ट आणि ऐकीव गोष्ट वेगवेगळी लिहावी. गुलामांच्या वंशजांना मालकाच्या दप्तरात आपली माणसे शोधावी लागली. आपल्याला आपली माणसे विचारता येतात, तोवर विचारून घेऊ या.

नमो बुद्धाय! जयभीम!