कर्णाला माफ करण्याआधी

मागच्या भागात मी बोलता बोलता कर्णाचं नाव दुर्योधन-दुःशासनाच्या पंगतीत घेतलं, आणि त्यावर एका श्रोत्याचा रागावलेला निरोप आला. ‘ज्याला जन्मभर अपमानच मिळाला, त्याला तुम्ही खलनायक कसं म्हणता?’ रास्त प्रश्न आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

आधीच कबूल करतो, शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ वाचून मीही रडलोय. कादंबरी १९६७ साली आली आणि मराठी घरांत कर्ण जणू आपल्यातलाच एक झाला. आईनं नदीत सोडलेला, सारथ्याच्या घरी वाढलेला. राजपुत्रांच्या रंगणात कर्तृत्व दाखवायला गेला, तर भीम म्हणाला, तू आपला चाबूक हातात घे. म्हणजे नायकाच्या बाजूचा माणूसही तिथे जातच काढतो. हे विसरायचं नाहीये.

पण आता द्यूतसभेत चला. द्रौपदीला ओढून आणलंय. ती प्रश्न विचारते, की आधी स्वतःलाच हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म फार सूक्ष्म आहे. बाकीचे गप्प. अशा वेळी दुर्योधनाचाच एक भाऊ, विकर्ण, उठतो आणि सांगतो, हे चुकतंय, ही जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प कोण करतं? कर्ण. पोरकट आहेस म्हणतो. पाच नवऱ्यांची बायको म्हणून द्रौपदीला घाणेरडा शब्द वापरतो. आणि पांडवांची व तिची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगतो. मूळ महाभारतात हे त्याच्याच तोंडी आहे.

इथं लगेच उत्तर येतं, ‘अहो, पण स्वयंवरात तिनं त्याला सूतपुत्र म्हणून नाकारलं होतं ना!’ गंमत बघा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. काम १९१९ ला सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत द्रौपदीच्या नकाराचा तो प्रसंग नाही. नंतरची भर समजून संपादकांनी तो बाजूला काढलाय. मला यात माणसाचा स्वभाव दिसतो. आवडत्या माणसानं वाईट वागून ठेवलं की आपण त्याच्यासाठी कारण शोधतो, आणि नाही सापडलं तर तयार करतो.

बरं, समजा तो नकार खरा होता. तरी काय सिद्ध होतं? त्याला राग का आला, हे कळतं. राग काढायला त्यानं ती जागा, ती वेळ, ते शब्द का निवडले, याची जबाबदारी त्यानं उडत नाही. कारण कळणं वेगळं, आणि सुटका होणं वेगळं.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझे एक काका होते, आता नाहीत. लहानपणी त्यांनी फार मार खाल्ला, दुसऱ्यांच्या दारात वाढले. पुढे संसारात त्यांचा हात चालायचा. घरात सगळे काकूंना समजवायचे, ‘त्याच्या वाट्याला काय आलं ते बघ जरा.’ काका गेल्यावर एकदा काकू मला म्हणाल्या, ‘त्यांचं दुःख माझ्याइतकं कुणाला कळलं असेल रे? पण मला काय लागलं ते कुणी विचारलंच नाही.’ मला त्यावर काही बोलता आलं नाही. समजवणाऱ्यांत मीही होतो ना.

तेव्हापासून कर्णाची बाजू घेताना माझी जीभ जरा अडखळते.

म्हणून काय सगळा दोष कर्णाचा? मुळीच नाही. बायको पणाला लावली धर्मराजानं. भीष्म-द्रोण बसून राहिले. पण दोष म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे, की एकाला जास्त गेली म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी झाला. प्रत्येकाचा आपापला पुरता दोष असू शकतो. चांगलेपणाचंही तसंच. बोलण्याचं धाडस दाखवणारा विकर्ण पुढे कौरवांकडूनच लढला, भीमाच्या हातून मेला, आणि त्याला मारून भीम हळहळला. या ग्रंथात कुणालाच कायमचं प्रशस्तिपत्रक नाही.

आता ज्या जागेमुळे मला कर्ण खरोखर मोठा वाटतो, ती सांगतो. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन जन्माचं रहस्य सांगतो. चल, थोरला पांडव म्हणून राज्य घे. कर्ण नाही म्हणतो, राधेची माया आठवतो, दुर्योधनाचं मीठ आठवतो. आणि त्याच बोलण्यात कबूल करतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा मला आज पश्चात्ताप होतो. बघा, कारण तोही सांगतो. पण त्या कारणाची ढाल करत नाही. ‘मला सूतपुत्र म्हणाले म्हणून’ असं तिथे तो म्हणत नाही. केलं ते मी केलं, एवढंच.

म्हणजे आपण जी सबब त्याच्यासाठी मांडतो, ती त्यानं स्वतःसाठी मांडलेली नाही. त्याला नुसता परिस्थितीचा बळी ठरवलं की त्याचा हा पश्चात्तापही पोकळ होतो. जो वेगळं वागूच शकत नव्हता, तो पस्तावणार कशाला?

तेव्हा निरोप पाठवणाऱ्या मित्रा, कर्णावर माया कर, मीही करतो. फक्त त्याला माफ करायची घाई आपण करू नये. तो हक्क आपला नाही, सभेत उभी होती तिचा आहे.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.