बेडकाचा पाय आणि पाण्यातील कृमी
(शिक्षक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सन १९९५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, हेंडरसन गावाजवळ, एका शाळेची मुले शिक्षिकेसह निसर्गनिरीक्षणास गेली होती. शेतातील पाणथळीकाठी त्यांना बेडूक दिसले. कोणास मागचा पायच नव्हता, तर कोणाचा पाय वेडावाकडा होता. पकडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बेडूक असे सदोष निघाले. ‘दैवाची लीला’ म्हणून मुलांना पुढे नेता आले असते. परंतु तसे न करता शाळेने ही हकीकत सरकारी खात्यास कळविली आणि शास्त्रज्ञांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले.

कोणी कीटकनाशकांस दोष दिला, कोणी सूर्याच्या अतिनील किरणांस. १९९९ साली पीटर जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील बेडकांवर प्रयोग करून एक कारण सिद्ध केले. ते म्हणजे ‘रिबेरोइया’ नावाचा चपटा परोपजीवी कृमी.

या कृमीस तीन घरे लागतात. प्रौढ कृमी बगळ्यासारख्या पाणपक्ष्याच्या पोटात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे पाण्यात पडतात. अंड्यांतून निघालेले डिंभक पाण्यातील गोगलगाईत शिरतात व तेथे त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. मग ते बाहेर पडून बेडूकमाशाचा शोध घेतात आणि जेथे मागचे पाय फुटावयाचे, नेमके तेथेच कातडीखाली कोष करून बसतात. पायाच्या अंकुराची वाढ त्यामुळे बिघडते. एखादा पाय अधिक फुटतो, एखादा फुटतच नाही. लंगडा बेडूक बगळ्याच्या चोचीत सहज सापडतो, आणि कृमीचे चक्र पूर्ण होते.

यात मनुष्याचाही हात आहे. शेतातील खते व गुरांचे शेण पाण्यात उतरले की नत्र व स्फुरद वाढतात, शेवाळ माजते, ते खाऊन गोगलगाई वाढतात, आणि त्यांच्यासवे कृमीही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ही साखळी दाखवून दिली.

मात्र एक सावधगिरी हवी. प्रत्येक विकृतीचे कारण हा कृमी नव्हे. मिनेसोटातील काही पाणथळींत तो आढळलाच नाही. बेडूकमाशांचे पाय तोडणारे भक्षक कीटकही असतात. यास्तव मुलांस निष्कर्षाची घाई शिकवू नये.

पावसाळ्यात आपल्या गावाच्या ओढ्याकाठी मुलांस अवश्य न्यावे. बेडूक न दुखविता पाहावेत, किती पाहिले व किती सदोष दिसले हे तारखेसह वहीत लिहावे, परतल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि एखाद्या मुलाने ‘गुरुजी, हे असे का?’ असे विचारले, तर त्यास गप्प बसवू नये. मोठ्या शोधाचा आरंभ अशाच प्रश्नातून झाला होता.