परवान्याचा आठवडा

परवाना शमेवर जीव ओवाळून टाकतो, असं लिहून आम्ही कवींनी बरीच वाहवा मिळवली. माझं पाप त्याहून मोठं आहे. मी एक पतंग खरोखरच मारला.

आमच्या कोपरगावात गोदावरी आणि ऊस. जंगल पाहायचं तर जिल्ह्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याला जावं लागतं. एका पावसाळ्यात तिथे व्हरांड्यातल्या दिव्याजवळ भिंतीला फिकट हिरवं पान चिकटलेलं दिसलं. जवळ गेलो तर पानाला दोन लांब शेपट्या! तो चंद्रपतंग होता. मुलांना दाखवायला मी तो मिठाईच्या खोक्यातून घरी आणला. रात्रभर फडफड ऐकू येत होती. तीन दिवसांत पंखांच्या चिंध्या झाल्या. खोक्याच्या तळाशी अंडी होती. त्यांतून काहीच निघालं नाही.

पुढे कोकणात त्याचा थोरला भाऊबंद पाहिला, अ‍ॅटलास पतंग. मग दोघांविषयी वाचत गेलो. चंद्रपतंगाचे पसरलेले पंख साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, अ‍ॅटलासचे २० ते २५. एक चांदण्यासारखा हिरवट. दुसरा विटकरी, पंखांवर काचेसारखे त्रिकोण आणि टोकाशी सापाच्या तोंडाचा भास. चंद्रपतंगाच्या अमेरिकेतल्या चुलतभावावर २०१५ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग सांगतात, की वटवाघळाचा घाव शेपटीवर जातो आणि पतंग निसटतो.

रूपं अशी वेगळी, नशीब मात्र एकच. दोघांनाही खाता येत नाही. तसं तोंडच नसतं. अळी असताना पाला खाऊन जे साठवलं, त्यावर जेमतेम आठवडा काढायचा आणि तेवढ्यात जोडीदार गाठायचा. मादी एका जागी बसून गंध सोडते, नर पिसासारख्या मिशांनी तो दुरून हेरतो. माझ्या खोक्यात होती ती मादी. तिच्या वाट पाहण्याच्या रात्री मी झाकणाखाली बंद केल्या.

आणि शमेचं प्रेम? २०२४ मधलं संशोधन सांगतं, की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ ठेवतात, कारण रात्री उजळ बाजू म्हणजे आभाळ. दिव्यापाशी हाच हिशेब चुकतो आणि ते घिरट्यांत अडकतात. परवाना आशिक नसतो, वाट चुकलेला असतो.

दर पावसाळ्यात ‘दुर्मीळ फुलपाखरू’ म्हणून यांचे फोटो छापून येतात. तुम्हीही फोटो जरूर काढा, आणि मग दिवा मालवा. आठवड्याच्या आयुष्यातली एक रात्र म्हणजे आपली दहा वर्षं.