तुसाची राख आणि पेटतं प्लॅस्टिक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू सध्या नेमकं काय करतोस ते थोडक्यात सांग,' असं सूत्रसंचालकांनी बजावलं आहे. मी प्लॅस्टिक जाळून पाहतो. पगार त्याचाच मिळतो.

मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यापासून पीएलए नावाचं प्लॅस्टिक. आपल्या राज्यात जेजुरीला प्राज कंपनीचा त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. ६० अंशांच्या आसपास तापलेल्या खतप्रकल्पात हे प्लॅस्टिक कुजतं; बांधावर फेकलं तर बराच काळ तसंच पडून राहतं, हे आधीच सांगतो. पत्रावळीसाठी त्याची गरज नाही, पळसाचं पान आहेच. पण स्विचचं खोकं किंवा चार्जरचं आवरण करायचं, तर ते पेटतं आणि पेटते थेंब गाळतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. याला जळत राहायला साधारण २० पुरतो. चाचणीत उभ्या पट्टीला खालून १० सेकंद ज्योत लावतात, खाली कापूस ठेवतात. थेंबाने कापूस पेटला की पट्टी वरच्या श्रेणीतून बाद.

ब्रोमीनची रसायनं घातली तर आग आवरते. पण जे शेवटी मातीत जायचं, त्यात ब्रोमीन घालणं मला पटत नाही.

आता आपल्याकडे या. राईस मिलमागे पेटलेला तुसाचा ढीग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ज्वाळा फारशी नाही, आतून दिवसचे दिवस धुमसतो. तुसाच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. ती तुसाचा आकार धरून राहते आणि आत हवा सहज जाऊ देत नाही. प्लॅस्टिकच्या अंगावर आम्हाला असाच थर हवा. तो देणारा पदार्थ तुसाच्या शेजारीच, कोंड्यात आहे: फायटिक आम्ल. धान आपला फॉस्फरस त्यात साठवतं. या आम्लाच्या वजनात २८ टक्के फॉस्फरसच. तापलं की त्यातून फॉस्फरिक आम्ल तयार होतं, ते सोबतच्या स्टार्च किंवा लिग्निनमधलं पाणी ओढून घेतं आणि मागे कोळशाचा थर उरतो. जोडीला नायट्रोजनचा पदार्थ असला तर वायू सुटून तो थर पुरीसारखा फुगतो.

गोम अशी की आम्ल ते आम्लच. प्लॅस्टिक वितळवतानाच ते त्याच्या साखळ्या तोडतं. म्हणून त्याचे क्षार करून घालावे लागतात, तेही बेतानं. आग थांबली आणि खोकं हातातून पडताच फुटलं, तर ते कोण घेणार?

कोंड्याचं तेल काढल्यावरही फायटिक आम्ल पेंडीत राहतं. कोंबड्यांना ते नीट पचत नाही, तेव्हा काढून घेतलं तर पेंडीचं नुकसान नाही. आपल्या बॅचमधल्या तिघांच्या मिल आहेत. मला अरव्या आणि उसन्या धानाच्या कोंड्याचं एकेक पोतं हवं आहे, पोत्यावर वाणाचं नाव लिहून. ताजा द्या, कोंडा लवकर खवट होतो. गाडी उद्या सकाळपर्यंत इथेच आहे.