खाटा उभ्या राहिल्या, संवादाचे काय?



जून 2020 मध्ये ठाण्यातील साकेत-बाळकुम भागात, ग्लोबल इम्पॅक्ट हबच्या इमारतीत, सुमारे एक हजार खाटांचे कोविड रुग्णालय अवघ्या काही आठवड्यांत सिद्ध झाले. महापालिकेच्या पाठीशी एमसीएचआय-क्रेडाई ही बांधकाम व्यावसायिकांची संघटना आणि ज्युपिटर रुग्णालय उभे होते. कोविडवरील खर्च सामाजिक उत्तरदायित्वात धरण्यास केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 23 मार्च 2020 रोजीच मान्यता दिली होती. संकटकाळी धनिकांनी पुढे यावे, ही या भूमीची जुनीच रीत. तिचे कौतुक करण्यात कृपणता नको.

परंतु पुढच्याच महिन्यात याच रुग्णालयातून एका वृद्धाचा मृतदेह भलत्याच कुटुंबाच्या स्वाधीन झाला. त्या कुटुंबाने आपलाच माणूस समजून अंत्यसंस्कार उरकले. त्यांचा माणूस मात्र आत उपचार घेत होता. ज्यांच्या घरचा मनुष्य गेला होता, ते त्याला बेपत्ता समजून शोधत राहिले. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. आपादमस्तक पोशाखातील, एकमेकांनाही अनोळखी असे कर्मचारी, आणि ज्याच्याजवळ नातेवाईक फिरकू शकत नाही असा रुग्ण! ओळख पटविणारे नातेच तेथे तुटले होते.

साथ सरली, तरी हा दुरावा सरलेला नाही. तो साथीपूर्वीचाच आहे. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर प्राणघातक हल्ला झाला आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. अशा हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून होताच. धाकाने हात आवरतो, विश्वास मात्र उत्पन्न होत नाही.

2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावयास सांगते. आरोग्य त्यात पहिल्याच क्रमांकावर. तरीही दात्याचे मन यंत्रावर आणि रुग्णवाहिकेवर जडते, कारण त्यांवर नाव रंगविता येते. रुग्णाच्या मुलाला बाकावर बसवून, त्याच्या बोलीत दिवसातून दोनदा प्रकृतीची वार्ता सांगणाऱ्या संवादकाचे वेतन कोणी द्यावे? पालिकेच्या रुग्णालयात ते उद्योगांनी द्यावे. 2021 च्या नियमांनुसार असा उपक्रम आरंभाचे वर्ष वगळून तीन वर्षे चालविता येतो. आरंभ अतिदक्षता विभागाच्या दारापासून व्हावा. सर्वांत दीर्घ प्रतीक्षा तेथेच असते.